आधी ब्लो होल, मग कॅमेरा

फोन बहुतेक वेळा असाच येतो. "मॅडम, पाच मेगापिक्सेलचा कॅमेरा केवढ्याला पडेल?" मी विचारते, बघायचं काय आहे? पलीकडे जरा शांतता. मग उत्तर येतं, "पार्ट बघायचाय."

भोसरीच्या एमआयडीसीत माझं चार माणसांचं वर्कशॉप आहे. लाइनवर तपासणीचे कॅमेरे बसवून देणं हा आमचा धंदा. त्याआधी सहा वर्षं मी डाय कास्टिंगच्या, म्हणजे वितळलेला धातू साच्यात दाबून पार्ट बनवणाऱ्या कंपनीत नजर-तपासणीच्या टेबलावर होते. वर ट्यूबलाइट, हातात भिंग, एका बाजूला हिरवा क्रेट आणि दुसऱ्या बाजूला लाल. कॅमेऱ्याबद्दल मला जे कळतं त्यातलं निम्मं त्या टेबलावरचं आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करते. आणि एकच काम धरून शेवटपर्यंत नेते, नाहीतर आकडे नुसते हवेत राहतात.

काम असं आहे. ॲल्युमिनियमचं गोल डाय कास्ट हाउसिंग, व्यास ६० मिमी. ज्या तोंडावर गॅस्केट बसतं ते मशीनिंग केलेलं, चकचकीत. त्यावर ०.३ मिमी किंवा त्याहून मोठं ब्लो होल, म्हणजे ओतताना अडकलेल्या वायूने पडलेलं भोक, असेल तर पार्ट रिजेक्ट. कन्व्हेयरचा वेग सेकंदाला २५० मिमी, सेकंदाला दोन पार्ट. कॅमेऱ्याखाली पार्ट थांबत नाही.

टेबलावर एक तास

कॅटलॉग उघडायच्या आधी, जी व्यक्ती आज हे काम डोळ्यांनी करते तिच्या शेजारी एक तास बसा. बोलू नका, हाताकडे बघा. आमच्या टेबलावर एक काकू होत्या, त्यांच्या हातून ब्लो होल सुटलं असं क्वचितच झालं. त्या पार्ट उचलायच्या, ट्यूबलाइटचं प्रतिबिंब तोंडावर आणायच्या आणि मनगट किंचित फिरवून ते प्रतिबिंब गोल सरकवायच्या. चकचकीत पृष्ठभाग पांढरा दिसतो आणि भोक काळं. मग पार्ट जवळजवळ आडवा धरून ओरखडे बघायच्या. तेव्हा पृष्ठभाग काळा आणि ओरखडा चमकतो.

ही मनगटाची हालचाल म्हणजेच तुमची लाइटिंग. पहिली पद्धत डोम किंवा कोॲक्शियल लाइटची (उजेड वरून), दुसरी लो अँगल रिंगची (उजेड बाजूने, जवळजवळ आडवा). कॅमेऱ्याला मनगट नसतं, त्यामुळे काकूंनी पार्ट कोणत्या कोनात धरला ते आधी ठरवून टाकावं लागतं. दोन्ही दोष बघायचे असतील तर दोन लाइट आणि दोन फोटो. एका फोटोत दोन्ही उरकतील असं सांगणारा सेल्समन भेटला तर त्याला तुमचेच पार्ट दाखवायला सांगा.

दुसरं म्हणजे लिमिट सॅम्पल मागून घ्या. ड्रॉइंगवर ०.३ लिहिलेलं असतं. टेबलावर प्रत्यक्षात ०.५ च्या खालचं कोणी पकडत नसतं आणि ग्राहकाची तक्रारही नसते. कॅमेरा बसला की तो इमानदारीत ०.३ पकडायला लागतो, रिजेक्शन वाढतं आणि प्रॉडक्शन मॅनेजर तुमच्या नावाने ओरडायला लागतो. सीमारेषेवरचे पास आणि नापास असे दहा-दहा पार्ट डबीत घालून त्यावर क्वालिटीची सही घ्या. हा सल्ला सेन्सरचा, म्हणजे कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या चिपचा, नाही हे मला माहीत आहे. पण या डबीशिवाय निवडलेला सेन्सर म्हणजे माप न घेता शिवलेला ब्लाउज.

पिक्सेलचा हिशोब

पार्ट ६० मिमीचा. बेल्टवर तो इकडेतिकडे ६ मिमी सरकू शकतो, म्हणजे चित्रात ७२ मिमी जागा हवी. ही ७२ मिमी सेन्सरच्या आखूड बाजूवर बसली पाहिजे. बरेच जण लांब बाजू धरून हिशोब करतात आणि मग गोल पार्टचं डोकं आणि पाय कापले जातात.

सगळ्यात लहान दोषावर आडवे-उभे किमान चार-पाच पिक्सेल पडावेत हा माझा नियम. दोन पिक्सेलचा ठिपका धूळही असू शकतो. ०.३ मिमीला पाच भागांत वाटलं तर एका पिक्सेलला ०.०६ मिमी, आणि ७२ भागिले ०.०६ म्हणजे पिक्सेलच्या १२०० ओळी.

आता बाजारात काय मिळतं ते बघा. १९२० × १२०० चा सेन्सर अगदी काठावर पास होतो, एका होलवर पाच पिक्सेल. २०४८ × १५३६ घेतला तर पिक्सेल ०.०४७ मिमीचा आणि होलवर सहाच्या वर. २४४८ × २०४८ वर साडेआठ. ४०९६ × ३००० वर साडेबारा.

मी २०४८ × १५३६ घेते, म्हणजे ३.२ मेगापिक्सेल. बारा का नको? पैसे हे एक कारण, पण मोठं कारण वेगळं आहे. एवढ्या बारकाईने बघितलं की टूल मार्क, म्हणजे मशीनिंगच्या हत्याराच्या रेघा, दिसायला लागतात, कूलंटचा सुकलेला थेंब दिसतो, कापडाचा धागा दिसतो, आणि यांतला प्रत्येक जण ब्लो होलचं सोंग घेऊ शकतो. जे बघायचं नाही ते न दिसणं हीसुद्धा सोय आहे. आणि लेन्स, लाइट, केबल, पीसी हे सगळं मेगापिक्सेलच्या मागोमाग वाढत जातं.

"एआय लावणार आहोत, त्यामुळे कॅमेरा कसाही चालेल" हे वाक्य हल्ली आठवड्यातून एकदा तरी ऐकते. फोटोत जे उतरलंच नाही ते कुठलंही मॉडेल शोधून देत नाही.

सेन्सर

पहिला प्रश्न शटरचा. ग्लोबल शटरमध्ये सगळे पिक्सेल एकाच क्षणी उघडतात आणि मिटतात. रोलिंगमध्ये ओळी एकामागून एक. माझं पहिलं स्वतंत्र काम मी याच ठिकाणी घालवलं. बजेट कमी होतं, म्हणून २.२ मायक्रॉन पिक्सेलचा रोलिंग शटरवाला ५ मेगापिक्सेल कॅमेरा घेतला. टेबलावर चित्र झकास. लाइनवर चढवला आणि गोल रिंग तिरकी, लंबगोल दिसायला लागली. पूर्ण फ्रेम वाचायला त्याला सत्तर मिलिसेकंद लागत होते, आणि २५० मिमी वेगाच्या बेल्टवर तेवढ्यात पार्ट साडेसतरा मिमी पुढे गेलेला असतो. पार्ट ओळींच्या दिशेने सरकत असेल तर चित्र तिरपं होतं, ओळींना आडवा सरकत असेल तर ताणलं जातं किंवा दबतं. ते चित्र सॉफ्टवेअरने सरळ करण्यात मी तीन आठवडे घालवले. शेवटी कॅमेरा बदलला, पदरच्या पैशाने.

रोलिंग शटर वाईट नाही. टप्प्याटप्प्याने फिरणाऱ्या इंडेक्सिंग टेबलवर पार्ट पूर्ण थांबत असेल, कंप निवत असेल, तर कमी पैशात भरपूर पिक्सेल मिळतात. सोनीचा आयएमएक्स १८३ हा २० मेगापिक्सेलचा रोलिंग सेन्सर अशा स्थिर कामांत चांगला चालतो. काळ्या हुडखाली, सगळ्या ओळी उघड्या असतानाच फ्लॅश मारून हलता पार्टही पकडता येतो, पण त्यासाठी बाहेरचा उजेड जवळपास शून्य लागतो. आपल्या कामात पार्ट थांबत नाही, म्हणून ग्लोबल. विषय संपला.

आता पिक्सेलचा आकार. पिक्सेल म्हणजे प्रकाश साठवायचं भांडं. सोनीच्या प्रेगियस मालिकेतला जुना आयएमएक्स १७४ घ्या: पिक्सेल ५.८६ मायक्रॉनचा, त्यात प्रकाशाने तयार झालेले साधारण ३२ हजार इलेक्ट्रॉन मावतात. नंतरच्या पिढीत, म्हणजे २५०, २५२, २६४, २६५ वगैरे, पिक्सेल ३.४५ मायक्रॉनचा आणि भांडं साधारण साडेदहा हजारांचं. प्रकाशाची स्वतःची खळबळ (नॉइज, म्हणजे आकड्याचं आपोआप वरखाली होणं) इलेक्ट्रॉनच्या वर्गमुळाएवढी असते. म्हणजे मोठं भांडं काठोकाठ भरलं तर खळबळ अर्ध्या टक्क्याच्या आसपास, लहान भरलं तर एक टक्का. पांढऱ्या पृष्ठभागावरचा पुसट डाग शोधायचा असेल, जिथे डाग आणि पृष्ठभाग यांच्यात दोन-तीन टक्क्यांचाच फरक आहे, तिथे हा अर्धा टक्का जीव वाचवतो. आपल्याकडे चकचकीत तोंडावर काळं भोक आहे, फरक प्रचंड. ३.४५ पुरे.

डेटाशीटमध्ये ईएमव्हीए १२८८ नावाचं पान असेल तर तेच वाचा, बाकीचं रंगीत ब्रोशर बाजूला ठेवा. हे मोजमापाचं युरोपीय मानक आहे आणि त्यामुळे दोन कंपन्यांचे कॅमेरे एकाच तराजूत घालता येतात. त्यातले तीन आकडे बघा. क्वांटम एफिशियन्सी, म्हणजे आलेल्या शंभर फोटॉनमागे किती इलेक्ट्रॉन तयार झाले. हा आकडा कोणत्या रंगाच्या प्रकाशाला दिलाय ते बघायला विसरू नका. सॅच्युरेशन कपॅसिटी, म्हणजे वरचं भांडं. आणि डार्क नॉइज, म्हणजे उजेड नसतानाही असणारी सेन्सरची स्वतःची खळबळ. शेवटच्या आकड्यावर लोक फार भाळतात. पण तो महत्त्वाचा अंधुक उजेडात. आपण तर स्ट्रोब, म्हणजे क्षणभराचा झगझगीत फ्लॅश, मारून भांडं भरणार आहोत. तिथे दोन इलेक्ट्रॉनचा नॉइज काय आणि सहाचा काय.

एक पैसे वाचवणारी गोष्ट. सोनीच्या या सेन्सरांत सख्खी भावंडं आहेत: १७४ आणि २४९, २५२ आणि २६५, २५० आणि २६४, २५३ आणि ३०४. प्रत्येक जोडीत पिक्सेल तोच, रिझोल्यूशन तेच. पहिला वेगवान, दुसरा संथ आणि स्वस्त. आम्हाला सेकंदाला दोन फोटो हवेत, म्हणून २६५. वेगवान भाऊ विकत घेऊन त्याला सेकंदाला दोन फोटोंवर बसवून ठेवणं म्हणजे शर्यतीचा बैल आणून दळण वाहायला लावणं.

रंगीत की मोनो? मोनो. रंगीत सेन्सरच्या प्रत्येक पिक्सेलवर लाल, हिरवा किंवा निळा चष्मा असतो, बाकीचे दोन रंग शेजाऱ्यांना विचारून भरले जातात. बारीक तपशील आणि प्रकाश दोन्ही कमी होतात. कनेक्टरमध्ये लाल-निळी वायर आपापल्या जागी आहे का, असं काही असेल तरच रंगीत घ्या. कित्येकदा मोनोवर लाइटचा रंग बदलून काम होतं. तांबं आणि कथिल लाल प्रकाशात सारखेच उजळ दिसतात, निळ्या प्रकाशात तांबं काळपट पडतं. टिनिंग (कथिलाचा थर) राहिलेली टर्मिनल आम्ही तशीच पकडतो.

सेन्सरचा "इंच" हा अजून एक खड्डा. २/३ इंची सेन्सरचा कर्ण १७ मिमी नाही, ११ मिमी असतो. १ इंचीचा १६. हा इंच जुन्या व्हिडिकॉन नळीच्या बाहेरच्या व्यासाचा; नळ्या गेल्या, माप राहिलं. त्यामुळे इंच विसरा आणि पिक्सेलची संख्या गुणिले पिक्सेलचा आकार करा. आपला सेन्सर: २०४८ × ३.४५ मायक्रॉन म्हणजे ७.०७ मिमी, १५३६ × ३.४५ म्हणजे ५.३० मिमी. कर्ण ८.८. कॅटलॉगमध्ये याला १/१.८ इंच म्हणतात.

जुन्या लाइनवर सीसीडी या जुन्या प्रकारच्या सेन्सरचे कॅमेरे अजून दिसतात. सोनीने २०१५ मध्ये सीसीडीचं उत्पादन थांबवत असल्याचं जाहीर केलं, त्यामुळे असा कॅमेरा मेला की सीमॉसच, म्हणजे वरच्या सेन्सरांच्या जातीचाच, लावावा लागतो. तेव्हाही हाच गुणाकार करा. १/३ इंची आयसीएक्स ४४५ सीसीडी ४.८ × ३.६ मिमीचा होता. त्याच्या जागी १.६ मेगापिक्सेलचा आयएमएक्स २७३ बसवला तर ४.९७ × ३.७३ मिमी. जवळजवळ तेवढाच, लेन्स आणि ब्रॅकेट तसेच ठेवता येतात. दुसरं काही घेतलं तर सगळं फिक्स्चर हलवावं लागतं.

लेन्स: इथे घाई करू नका

कॅमेऱ्याला पन्नास हजार मंजूर करणारा माणूस लेन्सला पाच हजारांच्या वर जात नाही. मला हे कोडं कधी सुटलं नाही. सेन्सर बिचारा समोर येईल तेवढंच टिपतो.

आधी मॅग्निफिकेशन काढा, म्हणजे सेन्सरवरचं चित्र खऱ्या मापाच्या किती पट. सेन्सरची आखूड बाजू ५.३० भागिले ७२ म्हणजे ०.०७३६. आता लेन्स पार्टपासून किती लांब राहू शकते? आमच्या लाइनवर डोम लाइट धरून पार्टच्या वर जेमतेम ३०० मिमी जागा दिसत होती. फोकल लेंथ = अंतर × मॅग्निफिकेशन ÷ (१ + मॅग्निफिकेशन). हिशोब आला २०.६ मिमी. माझ्या कपाटात अशी लेन्स नाही. तिथे ८, १२, १६, २५, ३५, ५० या रांगेतल्या आहेत. म्हणून उलटा हिशोब: १६ मिमी लावली तर अंतर २३३ मिमी, २५ लावली तर ३६५. लहान फोकल लेंथची लेन्स जवळ येते, कोनात बघते, कडेच्या भोकांच्या भिंती दिसायला लागतात आणि डिस्टॉर्शनही, म्हणजे चित्राचा वाकडेपणाही, वाढतं. वर ढकलायला जागा असेल तर मी कायम लांबची निवडते. फॅब्रिकेटरला सांगून खांब ८० मिमी वाढवला, २५ घेतली.

हे ३६५ मिमी लेन्सच्या आतल्या एका काल्पनिक प्रतलापासून मोजलेलं असतं, पुढच्या काचेपासून नाही. पार्ट आणि लेन्सचं प्रत्यक्ष अंतर दोन-तीन सेंटिमीटर इकडेतिकडे होतं. त्यामुळे ब्रॅकेटला ४० मिमीचा स्लॉट ठेवा. ड्रॉइंगवर पक्कं भोक पाडून आणणाऱ्या हुशार पोरांना मी आधी फाइलने ते भोक लांबवायला बसवते. लेन्सचं किमान अंतरही बघा. कॅटलॉगमध्ये ते ३०० लिहिलं असेल आणि तुम्हाला २०० वर काम करायचं असेल तर मागे एक्स्टेन्शन रिंग लागेल.

माउंट, म्हणजे लेन्स कॅमेऱ्यावर बसते तो आट्यांचा जोड. सी माउंटमध्ये लेन्सच्या बुडापासून सेन्सरपर्यंत १७.५२६ मिमी, सीएसमध्ये बरोबर ५ मिमी कमी. आटे दोन्हींचे सारखेच, त्यामुळे फसायला होतं. सीएस कॅमेऱ्यावर सी लेन्स लावायची तर मध्ये ५ मिमीची रिंग घाला, काम होतं. सी कॅमेऱ्यावर सीएस लेन्स लावली तर ती नाकासमोरचं सोडून काहीच फोकस करत नाही, आणि त्याला रिंगचा उपाय नाही. "लेन्स खराब आली" म्हणून परत आलेल्या लेन्सांपैकी काही अशाच असतात.

मग इमेज सर्कल. लेन्स जेवढं गोल चित्र पाडते त्यात सेन्सरचा कर्ण मावला पाहिजे. २/३ इंची लेन्स ११ मिमीपर्यंत चांगली. ती १२ मेगापिक्सेलच्या आयएमएक्स ३०४ वर लावली, ज्याचा कर्ण साडेसतरा मिमी आहे, तर चारही कोपरे काळे. आपल्या ८.८ मिमीला २/३ इंची लेन्स लावली की फायदाच: लेन्सचा मधला, चांगला भाग वापरला जातो. मी जमेल तिथे एक माप मोठी लेन्स घेते.

आता लेन्सवर लिहिलेले मेगापिक्सेल. "५ मेगापिक्सेल लेन्स" या शब्दांना पिक्सेलचा आकार सांगितल्याशिवाय अर्थ नाही. खरी भाषा लाइन पेअर प्रति मिमीची, म्हणजे एका मिमीत काळ्या-पांढऱ्या रेघांच्या किती जोड्या वेगळ्या दिसतात. १००० भागिले पिक्सेलची दुप्पट: ५.८६ मायक्रॉनला ८५, ३.४५ ला १४५, नव्या प्रेगियस एस मधल्या २.७४ मायक्रॉनला १८२. ५ मेगापिक्सेल तेच, पण आयएमएक्स २६४ वर ते २/३ इंचात पसरलेत आणि आयएमएक्स ५४७ वर १/१.८ इंचात कोंबलेत. पहिल्यावर सुरेख चालणारी लेन्स दुसऱ्यावर धूसर दिसू शकते. दोष नव्या कॅमेऱ्याच्या माथी मारला जातो.

लेन्स तपासायचा माझा उपाय दोन रुपयांचा आहे. नवं दाढीचं ब्लेड बॅकलाइटवर किंचित तिरपं ठेवा, फोटो घ्या, आणि काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत जाताना मध्ये किती करडे पिक्सेल येतात ते झूम करून मोजा. मधोमध दोन-तीन आले तर छान. मग ब्लेड चारही कोपऱ्यांत सरकवा. तिथे सहा-सात आले तर ती लेन्स परत पाठवा. एका कोपऱ्यात तीन आणि समोरच्या कोपऱ्यात सात आले तर लेन्सला दोष देण्याआधी ब्रॅकेट स्पिरिट लेव्हल लावून बघा, बहुधा कॅमेराच वाकडा असतो.

ॲपर्चर, म्हणजे लेन्समधलं प्रकाशाचं छिद्र. एफ नंबर मोठा तितकं छिद्र लहान. नवखा माणूस उजेड कमी म्हणून ते पूर्ण उघडतो, किंवा "सगळं फोकसमध्ये हवं" म्हणून पूर्ण बंद करतो. दोन्ही चूक. उघडलं की फोकसची खोली, म्हणजे वरखाली जेवढ्या अंतरात चित्र स्पष्ट राहतं ती, जाते आणि कोपरे मऊ होतात. बंद केलं की प्रकाश छिद्रातून वाकतो आणि एका बिंदूचा ठिपका होतो. त्या ठिपक्याचा व्यास = २.४४ × प्रकाशाची तरंगलांबी × एफ नंबर. आम्ही लाल लाइट वापरला, ०.६३ मायक्रॉन. एफ ४ ला ठिपका ६ मायक्रॉनचा, पावणेदोन पिक्सेल. एफ ८ ला १२, साडेतीन पिक्सेल. एफ १६ ला २५ मायक्रॉन, सात पिक्सेल. म्हणजे पैसे देऊन आणलेलं रिझोल्यूशन गटारात. निळ्या लाइटला हाच ठिपका लहान पडतो, म्हणून फार बारीक कामाला मी निळा वापरते.

खोलीचा हिशोबही सोपा: २ × एफ नंबर × पिक्सेल × (१ + मॅग्निफिकेशन) ÷ मॅग्निफिकेशनचा वर्ग. एफ ४ ला ५.५ मिमी निघाली, एफ ५.६ ला ७.७. आमचा पार्ट बेल्टवर वरखाली दोन-दोन मिमी उडतो, म्हणजे ४ हवेत. एफ ४ वर थांबले. एफ ५.६ ला अजून खोली मिळाली असती, पण उजेड निम्मा झाला असता, आणि उजेडाची गरज पुढे कळेलच.

पार्ट चालू असताना चित्र अर्ध्या पिक्सेलपेक्षा जास्त पसरू नये. ०.०४७ चं अर्धं ०.०२३५ मिमी, भागिले २५०: एक्स्पोजर, म्हणजे प्रकाश आत घ्यायचा वेळ, ९४ मायक्रोसेकंद. एवढ्यात भांडं भरायचं तर साधा चालू लाइट पुरत नाही, स्ट्रोब कंट्रोलर लागतो. त्याचा एक फुकटचा फायदा असा, की शेडच्या पत्र्यातल्या पारदर्शक शीटमधून येणारं ऊन इतक्या कमी वेळात फारसं काही करू शकत नाही. आमच्या एका जुन्या कामात रोज दुपारी तीन ते पाच खोटं रिजेक्शन वाढायचं. दुसऱ्या पाळीच्या ऑपरेटरला सगळे बोल लावत होते. शेवटी मी एक दिवस तिथेच डबा खाल्ला, तेव्हा उन्हाचा पट्टा बेल्टवरून सरकत कॅमेऱ्याखाली येताना दिसला. उरलेल्या उन्हासाठी लेन्सवर लाल बँडपास फिल्टर लावा, जो फक्त त्या रंगाचा पट्टाच आत सोडतो. ८ मिमीसारख्या रुंद कोनाच्या लेन्सवर मात्र अरुंद फिल्टर नको. तिरप्या किरणांसाठी त्याचा पट्टा निळ्याकडे सरकतो आणि कोपरे अंधारतात. २५ मिमीवर हा त्रास नाही.

काम उभं राहिलं, चालायला लागलं, आणि ठरल्याप्रमाणे फोन आला. "मॅडम, कॅमेरा आहेच तर व्यासपण मोजून द्या की. टॉलरन्स ०.०२." साधी लेन्स डोळ्यासारखी बघते: जवळचं मोठं, लांबचं लहान. ३६५ मिमी अंतरावर पार्ट एक मिमी उचलला गेला की ६० मिमीचा व्यास ०.१६ मिमीने मोठा दिसतो, आणि आमचा पार्ट दोन मिमी उडतो. मोजायचं असेल तर टेलिसेंट्रिक लेन्स हवी, जी समांतर किरणच आत घेते आणि उंचीला फसत नाही. पण तिची पुढची काच पार्टपेक्षा मोठी असावीच लागते. ६० मिमीच्या पार्टसाठी लेन्स कळशीएवढी होते, आणि किंमत ऐकून पर्चेसवाले चहा मागवतात. शिवाय आपला पिक्सेलच ०.०४७ चा, तोही बदलावा लागणार. मी त्यांना पुढच्या स्टेशनला एअर गेज, म्हणजे हवेच्या झोताने व्यास मोजणारं यंत्र, लावायला सांगितलं. त्यांनी लावलं, ते आजही चालू आहे.

केबल

३.२ मेगापिक्सेल, मोनो, ८ बिट म्हणजे एका फोटोला ३.१५ एमबी. साधं गिगाबिट इथरनेट सेकंदाला ११५ एमबीच्या आसपास ओढतं, म्हणजे छत्तीस फोटो. आपल्याला दोन हवेत. यूएसबी ३ जास्त वेगवान असलं तरी केबल तीन-चार मीटरच्या पुढे भरवशाची राहत नाही, आणि पॅनेल तर कायम दहा मीटरवर. गिगाबिट इथरनेटची १०० मीटरपर्यंत जाते. शेजारी वेल्डिंग असेल तर शील्डेड केबल, आणि ती मोटरच्या केबलच्या ट्रेमधून नेऊ नका. इतकंच.

बसवल्यानंतर

ॲपर्चर आणि फोकसच्या रिंगांना बारीक लॉक स्क्रू असतात. ते आवळा. आवळताना रिंग किंचित फिरते, म्हणून आवळल्यावर ब्लेड पुन्हा तपासा. मग रिंग आणि लेन्सच्या अंगावरून पेंट मार्करने एक सरळ रेघ ओढा. कंपाने किंवा कोणाच्या बोटाने रिंग हलली तर रेघ तुटलेली दिसते. सीएनसीच्या जवळ कूलंटची वाफ महिन्याभरात काचेवर साय धरते, म्हणून लेन्ससमोर बदलता येण्याजोगी सपाट काच ठेवा. पुसायची ती काच. लेन्स कोणी बनियनच्या तुकड्याने पुसू नये. हे मी तीन भाषांत लिहून लावलंय.

शेवटी पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला एक कागद लॅमिनेट करून चिकटवा. आमच्या त्या कामाचा असा आहे: सेन्सर आयएमएक्स २६५ मोनो. लेन्स २५ मिमी, २/३ इंची, सी माउंट. ॲपर्चर एफ ४. लेन्सच्या पुढच्या कडेपासून बेल्टपर्यंतचं अंतर, स्टीलच्या पट्टीने मोजलेलं. एक्स्पोजर ९० मायक्रोसेकंद, गेन शून्य. लाल डोम, लाल फिल्टर. ब्लेडचे करडे पिक्सेल: मध्ये दोन, कोपऱ्यांत तीन. खाली लिमिट सॅम्पलची डबी कोणत्या कपाटात आहे ते. रात्री अडीचला मेंटेनन्सच्या मुलाचा फोन आला, की मी त्याला आधी तो कागद वाचायला सांगते.